बापूस आयला

माझ्या भावाच्या मुलीने मला पहिल्यांदा हाक मारली ती ‘आत्ता’ अशी. आत्याचं आत्ता. घरातल्या कुणाच्याच ते लक्षात आलं नाही. व्हिडिओ कॉलवर माझा चेहरा दिसला की ती ‘आत्ता, आत्ता’ करायची आणि वहिनी तिला बिस्किट द्यायची, कारण पोरीला काहीतरी आत्ताच्या आत्ता हवंय असा समज. बिस्किट मिळत असल्यामुळे पोरीचीही काही तक्रार नव्हती.

तेव्हा ती दोन वर्षं दोन महिन्यांची होती आणि तिच्याकडे एकूण अकरा शब्द होते. मी मोजले होते. आई, बाबा, जी (म्हणजे आजी), भूभू, काऊ, मंमं, दूदू, भुर्र, नाय, दे आणि मी. म्हणजे आत्ता. एक्सेल शीटमध्ये तारीख, शब्द, कुणासमोर बोलली असे तीन कॉलम केले होते. सॉफ्टवेअरवाल्यांना काळजी वाटली की आम्ही शीट उघडतो.

काळजीचं कारण साधं होतं. दोन वर्षांच्या आसपास बहुतेक मुलांकडे पन्नासेक शब्द असतात आणि ती दोन शब्द जोडायला लागतात. ‘बाबा गेला’, ‘दूदू दे’ असं. आमची बाय एकेका शब्दावर अडली होती. (तिचं खरं नाव इथे लिहीत नाही. आई तिला बायच म्हणते. आमच्याकडे सगळ्याच मुली बाय असतात.)

आमचं घर चौल आणि रेवदंड्याच्या मधे, नारळी-पोफळीच्या वाडीत. दादा खाडीपलीकडे एका कंपनीत शिफ्टला जातो. वहिनी साताऱ्याची, अलिबागला बँकेत आहे. दिवसभर बाय आईकडे. मी पुण्यात हिंजवडीला, एका चॅटबॉटच्या टीममध्ये. म्हणजे माणसाने टाइप केलेलं मशीनला कळावं म्हणून मला पगार मिळतो, हे पुढच्या गोष्टीच्या दृष्टीने लक्षात ठेवा.

घरात आम्ही आगरी बोलतो. ज्यांनी ऐकली नसेल त्यांच्यासाठी: आमच्याकडे पाणी नसतं, पानी असतं. शाळा नसते, शाला असते. होडीची होरी होते, मासळी म्हणजे म्हावरा, आणि ‘मला’च्या जागी ‘मना’. मी पाचवीत अलिबागच्या शाळेत गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात धडा वाचताना ‘शाला’ म्हणाले आणि पूर्ण वर्ग हसला. बाईही हसल्या, वाईट हेतूने नाही, पण हसल्या. त्या दिवसापासून मी बोलण्याआधी प्रत्येक शब्दातला ळ आणि ण तपासून घ्यायला लागले. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलला जाईपर्यंत मी इतकी साफ झाले होते की मी कुठली हे कुणाला ओळखता यायचं नाही. आजही ऑफिसात आईचा फोन आला की मी उठून जिन्यात जाते. तिथे आगरी बोलते. परत डेस्कवर येते.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं ते मी केलं.

बायला जूनमध्ये एका प्ले स्कूलमध्ये घातलं होतं. ऑगस्टमध्ये तिथल्या मॅडमनी वहिनीला बोलावून सांगितलं की मुलगी बोलत नाही, कारण घरात तीन-तीन भाषा आहेत. आजी एक बोलते, आई दुसरी, शाळेत तिसरी. मूल गोंधळतं. घरात एकच भाषा ठेवा, शक्यतो इंग्लिश. वहिनी रडवेली झाली. रात्री कॉल झाला. आमच्या घरात कॉम्प्युटर, बँकेचं ॲप, गॅस सबसिडी आणि मेंदू या सगळ्या विषयांत मला विचारतात. मी दहा सेकंद विचार केला आणि म्हणाले, बरोबर आहे त्यांचं. मग आईला म्हणाले, “आई, तू थोडे महिने तिच्याशी आपलं आगरी नको बोलू.”

आई म्हणाली, “मंग मी काय बोलू?”

मी म्हणाले, “टॅब पाठवते. त्यावर चांगले व्हिडिओ असतात.”

पाठवला. दोन दिवसांत पोचला.

दिवाळीला घरी गेले तेव्हा पडवीत बाय उंच खुर्चीवर बसली होती, समोर टॅब, त्यात एक निळा ससा इंग्लिशमध्ये रंग शिकवत होता आणि आई शेजारी बसून भात भरवत होती. गप्प. माझी आई गप्प बसू शकते हे मला तोवर माहीतच नव्हतं. ती कोंबड्यांशी बोलते. नळाला पानी आलं नाही तर नळाशी बोलते. म्हावरा साफ करताना त्या माशाला दोन शब्द सुनावते. आम्ही लहान असताना ती कामाला हात लागला की बोलायला लागायची, हे घेतलं, हे चिरलं, हे टाकलं, बघ कसं चरचरतंय. आम्हाला कुणी भाषा शिकवली नाही. ती नुसती चालू असायची, पडवीतल्या पंख्यासारखी. आणि आता ती पोरीच्या तोंडात घास घालत होती आणि काही चुकीचं निघू नये म्हणून ओठ मिटून बसली होती.

त्या तीन महिन्यांत शीटमध्ये दोन शब्द वाढले होते. ब्लू आणि टू. भुर्र गेला होता.

दिवाळीनंतर तिला मुंबईला नेलं. आधी कानाची तपासणी. बाय झोपेत असताना कपाळाला आणि कानामागे तारा चिकटवून, कानात आवाज सोडून मेंदूपर्यंत काय पोचतं ते बघतात. बेरा म्हणतात त्याला. तुमच्या घरात कुणाचं मूल उशिरा बोलत असेल तर एवढं एक करा: ‘याचा बापही उशिराच बोलला होता’ म्हणून वाट बघत बसू नका, आधी कान तपासून घ्या. बायचे कान ठीक निघाले. मग स्पीच थेरपिस्टनी तासभर तिच्याशी जमिनीवर बसून खेळून पाहिलं. बोट दाखवलं की तिकडे बघते का, आपल्याला हवं ते स्वतः बोटाने दाखवते का, दाखवून झाल्यावर समोरच्याच्या डोळ्यांत बघते का. ती बघत होती. सांगितलेलं बरंचसं कळत होतं. मग त्यांनी विचारलं, दिवसभर कोण असतं हिच्याजवळ? आजी. आजी काय बोलते? दादा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणाले, सध्या काही बोलत नाही.

त्यांनी पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की दोन किंवा तीन भाषांमुळे मूल मुकं होत नाही. अशा मुलाचे शब्द सगळ्या भाषांत मिळून मोजायचे असतात. आणि माणसाने मुलाशी त्या भाषेत बोलावं जी बोलताना त्याला विचार करावा लागत नाही. टॅब बंद करा.

परत येताना लॉन्चमध्ये मी वरच्या डेकवर बसले. मांडवा येईपर्यंत सीगलना कुरमुरे घालणारे लोक बघत होते आणि डोक्यात हिशेब चालू होता. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर.

त्यानंतरचे काही आठवडे मी रात्री पेपर वाचले. रिसर्च पेपर. माझ्या कामाच्या निमित्ताने मला भाषेबद्दल काहीतरी कळतं असा माझा समज होता, तो पहिल्या आठवड्यात गेला.

पहिला धक्का 1984 सालच्या एका प्रयोगाचा. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातल्या दोन संशोधकांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ट आणि त ऐकवले. इंग्रजीत हा फरकच नाही. मोठ्या इंग्रजी माणसाला आपला ट आणि त एकच वाटतात. आवाज बदलला की बाळाने मान वळवायची, बरोबर वळवली तर बाजूच्या डब्यात खेळण्यातला प्राणी दिवा लागून हलायचा. सहा-आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांनी मान वळवली. दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांनी. म्हणजे इंग्रज बाळ जन्मतं तेव्हा त्याला ट आणि त कळतो आणि पहिल्या वाढदिवसापर्यंत ते तो विसरतं. विसरतं म्हणणंही बरोबर नाही. आपल्या घरात हा फरक कुणी वापरत नाही हे त्याला कळतं आणि ते त्याकडे लक्ष द्यायचं सोडून देतं.

मी हे वाचून थांबले. म्हणजे मलाही पाळण्यात ळ आणि ल वेगळे ऐकू येत असणार. माझ्या घरात ते वेगळे नव्हते म्हणून माझ्या कानाने ते एका डब्यात टाकले, आणि दहा वर्षांनी अलिबागच्या वर्गात मी तो डबा पुन्हा उघडून दोन केले. म्हणजे ‘शाला’ म्हणणं हा माझा अडाणीपणा नव्हता. दहा महिन्यांच्या वयात मी घरातल्या बोलण्याचा अगदी अचूक अभ्यास केला होता त्याचा तो पुरावा होता. हे पाचवीत कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. (आणि तो डबा कायमचा बंद होत नाही, हेही माझ्यावरून कळतंच. दमले की मात्र अजून पानी होतं.)

दुसरी गोष्ट शब्दांची. आपण बोलताना दोन शब्दांच्या मधे जागा सोडत नाही. ‘चलगोबायजेवूयाचल’ असं एकसलग येतं. आमच्या टीममध्ये वाक्याचे तुकडे कुठे पाडायचे यावर मीटिंगा होतात. 1996 मध्ये जेनी सॅफ्रन आणि तिच्या सहकाऱ्यांनी आठ महिन्यांच्या बाळांना निरर्थक अक्षरांची एक सलग माळ ऐकवली, फक्त दोन मिनिटं, मधे कुठेही न थांबता. कुठलं अक्षर कुठल्या अक्षरानंतर नेहमी येतं आणि कुठे ते अनिश्चित होतं, एवढ्यावरून त्या बाळांनी ‘शब्द’ वेगळे काढले. दोन मिनिटांत. बोलता येत नाही, चालता येत नाही, आणि संख्याशास्त्र चालू.

मग मशीन आणि मूल यांत फरक काय? माझ्या धंद्यातली लोकं हे म्हणतातच, की मॉडेलही हेच करतं. करतं, पण 2024 मध्ये आलेलं लामा 3 हे मॉडेल पंधरा लाख कोटी टोकन, म्हणजे शब्दांचे तुकडे, खाऊन शिकलं. तेरा वर्षांच्या मुलाच्या कानावर तोवर पडलेले शब्द दहा कोटींच्या आतच असतात असा एक प्रचलित अंदाज आहे. शून्यं मोजून बघा. मूल एवढ्याशा शिदोरीवर जे करतं त्याचं कारण ते शब्द एकटे येत नाहीत. भाताचा घास, आजीचा हात, तिची नजर कुठे आहे, तिचा आवाज कुठे चढला, हे सगळं शब्दाला लागून येतं.

आणि इथे मला माझा टॅब भेटला. 2003 साली पॅट्रिशिया कूल यांच्या टीमने नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषेतले आवाज ऐकवले. काही बाळांसमोर चिनी बोलणारी माणसं बसली, पुस्तकं वाचली, खेळली. बारा वेळा. काहींना तीच माणसं, तेच बोलणं, तेवढाच वेळ टीव्हीवर. माणसाशी खेळलेल्या बाळांना चिनी ध्वनींतला फरक चांगला कळायला लागला. टीव्हीवाल्या बाळांना काहीही नाही. ज्यांनी चिनी अजिबात ऐकली नव्हती त्यांच्याइतकंच.

मी घरातली माणूस बंद करून टीव्ही लावला होता.

टॅब बंद करणं सोपं होतं. आईला सुरू करणं सोपं नव्हतं. मी म्हणाले, आता बोल. ती म्हणाली, “तूच बोललीस ना नको.” मग बायशी काहीतरी बोलायची, मधेच थांबायची, माझ्याकडे बघायची, आणि शुद्ध बोलायचा प्रयत्न करायची. “बाळ, पाणी पिणार का?” असं. तो ण तिने इतक्या जोरात उच्चारला की बाय दचकली. पन्नास वर्षं ज्या बाईला आपल्या जिभेकडे बघायची गरज पडली नव्हती, तिला मी तिची जीभ दाखवली होती. माफी मागायला मला दोन दिवस लागले. ती मी ओट्याशी उभी राहून, बोंबील साफ करताना, आगरीत मागितली. जिन्याबाहेर इतकं सलग आगरी मी बऱ्याच वर्षांनी बोलत होते. आई म्हणाली, बोंबलाची शेपटी काप नीट.

पण संध्याकाळी ती कोंबड्यांशी बोलत होती, आणि बाय तिच्या मागे होती.

जानेवारीत बाय बोलायला लागली. मी हे आईमुळे झालं असं छातीठोक सांगणार नाही. उशिरा बोलणाऱ्या मुलांपैकी बरीच आपसूक सुटतात, ती तशीही बोलली असती, शिवाय थेरपीचे व्यायाम होतेच. एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही. पण मी दर दोन आठवड्यांनी घरी जायला लागले, आणि जे बघितलं ते सांगते.

सगळ्यात आधी ‘गेला’ आला. सगळ्यांना आणि सगळीकडे. कावळा उडाला, गेला. आमटी संपली, गेला. दिवे गेले, गेला. करवंटीखाली सुपारी झाकली, गेला! आणि मग करवंटी उचलायची. ॲलिसन गॉपनिक आणि अँड्र्यू मेल्टझॉफ यांनी 1980च्या दशकात नेमकं हेच पाहिलं होतं, की वस्तू नजरेआड लपवत-लपवत नेली तरी ती कुठे असेल हे मूल ज्या सुमारास शोधून काढायला लागतं, त्याच सुमारास त्याच्या तोंडी ‘गेलं’सारखे शब्द येतात. आणि वस्तूंचे दोन ढीग नीट वेगळे लावता यायला लागले की साधारण तेव्हाच नावांचा पाऊस सुरू होतो. विचार आधी की शब्द आधी, यावर मोठी माणसं शंभर वर्षं भांडत आहेत. पियाजे एका बाजूला, वायगॉट्स्की दुसऱ्या. करवंटीजवळ बसून बघितलं तर मला तरी दोघं हात धरून आलेले दिसले.

बोबड्या शब्दांबद्दल तर मी आईची दुप्पट गुन्हेगार होते. मंमं, भूभू, जोजो असलं काही शिकवू नका, खरे शब्द शिकवा, हेही मीच कॉलवर म्हणाले होते. मग कळलं की या मंमं-भूभूवर आपल्याच डेक्कन कॉलेजच्या अशोक केळकरांनी 1964 साली एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात अख्खा लेख लिहिलाय. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन या भाषाशास्त्रज्ञाने जगातल्या सहा भाषांमधल्या बाळबोलीची तुलना केली, त्या सहांत मराठी होती. बाळबोलीचेही नियम असतात. सोपे आवाज, दोनदा म्हणणं, चढा सूर. ‘जोजो’ काही आजीने कंटाळून केलेला शब्द नाही, तो बाळाच्या तोंडाच्या मापाने शिवलेला आहे.

मग क्रियापदं आली आणि मजा सुरू झाली. ‘मी करली.’ ‘मी खाला.’ कुणीही मोठं माणूस ‘करली’ म्हणत नाही, म्हणजे तिने हे कुठेही ऐकलेलं नाही. ती बसलीची बस, पडलीची पड लक्षात घेऊन कर वरून करली बनवत होती. चूक होती, पण ती पाठांतराची चूक नव्हती, व्याकरणाची होती. चुकायला आधी नियम यावा लागतो.

त्यानंतर तीनेक आठवडे ती ‘मी येतो’ म्हणत होती. दादा म्हणतो तसं. यात किती अवघड गणित आहे ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. बाबा स्वतःला ‘मी’ म्हणतो आणि येतो. आई स्वतःला ‘मी’ म्हणते आणि येते. म्हणजे मी हा शब्द कुणा एकाचा नाही, जो बोलेल त्याचा आहे, हे आधी कळायला हवं. मग शेवट बोलणाऱ्यावर ठरतो हे कळायला हवं. आणि मग, मी या दोघांपैकी कुणासारखी, हे ठरवायला हवं. कुणी तिला बसवून सांगितलं नाही. एका रविवारी ती सकाळी ‘मी येतो’ म्हणाली आणि दुपारी वाडीच्या दारातून ओरडली, ‘मी येते!’ त्यानंतर परत कधी येतो झालं नाही.

मार्चमध्ये प्ले स्कूलमधून पुन्हा निरोप आला. मुलगी वाईट शब्द वापरते. वहिनी बँकेतून थेट तिथे गेली. काय झालं होतं, तर सुटीच्या वेळी दादा न्यायला आला, आणि बाय गेटपाशी आनंदाने नाचत ओरडली, “बापूस आयला! बापूस आयला!”

तुम्ही हसला असाल तर ठीक आहे, आम्हीही हसलो. आगरीत ‘आला’ला ‘आयला’ म्हणतात. बाप आला. पोरगी पहिल्यांदा कुणी न विचारता, दोन शब्दांचं, कर्ता आणि क्रियापद असलेलं, प्रसंगाला धरून असलेलं पूर्ण वाक्य शाळेत बोलली होती आणि शाळेला ती शिवी वाटली. माझी साताऱ्याची वहिनी, जी लग्नानंतर वर्षभर आईचं बोलणं नीट कळत नाही म्हणून माझ्याकडे कुरकुर करायची, ती त्या मॅडमना म्हणाली, “ते क्रियापद आहे.” मला हे फोनवर सांगताना तिचा आवाज अजून चढलेला होता. मी जिन्यात न जाता डेस्कवर बसूनच तो फोन घेतला. शेजारच्याने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, बापूस आयला.

एप्रिलमध्ये आईबरोबर रेवदंड्याच्या बाजारात गेले. तिथे कोर्लईहून भाजी घेऊन येणारी एक मावशी आईच्या ओळखीची आहे. रेवदंड्यासमोर खाडीच्या पलीकडे, डोंगरावर किल्ला दिसतो ते कोर्लई. लहानपणापासून मी तो किल्ला बघतेय आणि त्याच्या पायथ्याच्या गावात काय बोलतात हे मला पुण्यात, पेपर वाचताना कळलं. पोर्तुगीज 1740 मध्ये चौल सोडून गेले. त्यांच्यानंतर त्या गावातल्या ख्रिस्ती कुटुंबांकडे पोर्तुगीजातून तयार झालेली एक भाषा राहिली, हजाराच्या आसपास लोकांची. ते तिला नौ लिंग म्हणतात, आपली भाषा. क्लँसी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर 1996 साली पुस्तक लिहिलं. शब्द पोर्तुगीज मुळाचे, पण वाक्यात क्रियापद सरकत सरकत शेवटी आलंय, मराठीत येतं तसं.

मावशीबरोबर तिचा चारेक वर्षांचा नातू होता. ती त्याला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली, त्याने पिशवी दिली. मग माझ्या आईकडे वळून मराठीत म्हणाला, “वीसची जुडी.” मग पुन्हा आजीकडे तिकडच्या भाषेत काहीतरी कुरकुर. यात तो कुठेही अडखळला नाही. पोर्तुगालहून कुणी येऊन शिकवत नाही, त्या भाषेची शाळा नाही, आणि तरी पावणेतीनशेहून जास्त वर्षं ती प्रत्येक पिढीतल्या पोरांच्या कानात कुणीतरी घरात बसून, काम करता करता ओतत आलंय. त्या गावात कुणी तीन महिने आज्यांना गप्प बसवलं असतं तर? मी वांगी निवडत होते. आईने विचारलं, काय झाला गो? मी म्हटलं, काही नाही.

आता बाय साडेतीन वर्षांची आहे. मी शीट भरणं सोडलंय, कारण शब्द मोजता येत नाहीत. ती वहिनीशी साताऱ्याचं बोलते, आजीशी आगरी, माझ्याशी काहीतरी पुणेरी मिसळून, आणि निळ्या सशाशी इंग्लिश. समोर कोण आहे हे बघून भाषा बदलते, म्हणजे समोरच्याला काय येतं याचा अंदाज तिला आहे. माझ्या चॅटबॉटला अजून नाही.

हल्ली तिला आम्ही आणि आपण यांतला फरक कळायला लागलाय. हिंदीत दोन्हींना हम, इंग्लिशमध्ये दोन्हींना वी. मराठीत मात्र समोरच्याला धरून बोलायचं की वगळून हे तोंड उघडायच्या आधी ठरवावं लागतं. ऐकणारा आत की बाहेर. आगरीतही आहे ते, आपुन आणि आमी.

गेल्या शनिवारी मी पडवीत लॅपटॉप घेऊन बसले होते. रिलीज होता. चार वाजता बाय आली. “आत्या, आपण समुद्रावर जाऊया.” मी म्हटलं, पाच मिनिटं. ती वाडीत एक चक्कर मारून आली. “आत्या, आपण जाऊया ना.” मी कॉलवर होते, हाताने थांब म्हटलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा पायांत चपला होत्या, डाव्या पायातली उजव्यात. “आपण?” मी म्हटलं, हो गं, फक्त हे एक.

तिने थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. मग आईकडे जाऊन तिचा हात धरला, “आजी, चल गो,” म्हणाली, आणि दाराच्या आगळीपाशी थांबून मागे वळून मला सांगितलं, “आम्ही जातो.”